सोनाक्काची तीन पानं

इस्माईल,

ती तीन पानं पुस्तकात आहेत.

तू मला विचारलंस तेव्हा होती, त्याआधी वीस वर्षं होती, आणि आत्ता माझ्यासमोर टेबलावर उघडी आहेत. एकशे ब्याऐंशी ते एकशे चौऱ्याऐंशी. मी तुला ‘नाही’ म्हणालो. तू ‘पक्कं?’ म्हणून पुन्हा विचारलंस आणि मी ‘पक्कं’ म्हणालो. त्यानंतर बावीस दिवसांनी तू दुकानात, दुपारी, स्टुलावर बसल्या बसल्या गेलास. तुला माती देऊन आज सतरा दिवस झाले.

कबरीपाशी नामदेव टेलर माझ्या कानाशी लागून म्हणाला, “गुरुजी, तीन मुठी टाकायच्या असत्यात.” जणू मला ठाऊकच नव्हतं. तुझ्या अब्बांच्या वेळी तूच माझा हात धरून शिकवलं होतंस. पहिली मूठ टाकली, दुसरी टाकली. तिसरी भरून घेतली आणि वाटलं, आत्ताच बोलून टाकावं, निदान आत्ता तरी. मागं माणसांची रांग होती. मी मूठ सोडली आणि बाजूला झालो. म्हणजे त्याही वेळी मी गप्पच राहिलो.

तू कसा होतास हे मी इथं लिहिणार नाही. नांदूरघाटच्या बाजारात कुणालाही विचारलं तरी तो सांगेल. मला लिहायचंय ते मी कसा होतो हे, आणि ते ऐकण्याचा पहिला हक्क तुझा होता.

भारनियमनाचे ते दिवस. बारा ते चार लाईट नसायची. लाईट नाही म्हणजे तुझं टीव्ही-दुरुस्तीचं सोल्डरिंग बंद, टेस्टिंग बंद, आणि आजूबाजूचे सगळे मोकळे. मी सकाळची शाळा सुटली की सायकल थेट तुझ्या दुकानाला लावायचो. तू उर्दू शाळेत सातवीपर्यंत शिकलेला. बोलायचास आमच्यापेक्षा अस्सल, पण छापलेलं मराठी वाचायला लागलास की एका ओळीला घाम फुटायचा. कथेचं वेड मात्र जबर. मग ठरूनच गेलं होतं, लाईट गेली की मी वाचायचं आणि लाईट आली की पुस्तक बंद. कितीही रंगात आलेलं असो. काउंटरवर एक जुना टीव्ही तू मुद्दाम चालू करून ठेवायचास. लाईट आली की त्यातून खरखर सुरू व्हायची. खरखर झाली की तू हात वर करायचास, “बस मास्तर, खूण घाल.”

अशा खरखरीपर्यंतच्या तुकड्यांमध्ये आपण किती पुस्तकं संपवली, आठवत नाही. त्यातलंच एक हे सोनाक्काचं. गावच्या वाचनालयातलं, माझ्या कार्डावर आणलेलं, चारशे पानांचं. महादूची कथा. पटकीची साथ आलेली, ज्या घरात आजार निघेल त्या दाराला गाव काटेरी फांद्या लावायचं आणि पाणी तोडायचं. अशात महादू दोन दिवस चालून, उन्हातान्हाचा, आपल्या थोरल्या बहिणीच्या, सोनाक्काच्या, दारात येतो. दार वाजवतो. “आक्का, पाणी दे” म्हणतो. आतून कुणीतरी श्वास घेतल्याचं त्याला ऐकू येतं, पण कडी निघत नाही. तो वेशीबाहेरच्या चिंचेखाली जाऊन पडतो आणि मरतो. तिथवरचं सगळं पुस्तक महादूच्या खांद्यावर बसून सांगितल्यासारखं. आपण त्याच्यासोबत चाललो होतो, त्याच्यासोबत तहानलो होतो. मग सोनाक्काचा राग येणार नाही तर काय?

त्या दुपारी तुझ्या दुकानात झालेलं भांडण मला शब्दन् शब्द आठवतं.

“आरं, सख्खा भाऊ!” नामदेव टेलर शिलाई मशीन सोडून आला होता. “पाणी मागतोय, जेवण न्हाई! असल्या बाईला चपलेनं हाणाया पाह्यजे.”

तू एका टीव्हीचं मागचं झाकण खोलत होतास. मान वर न करता म्हणालास, “टेलरसाब, तुमी दाराच्या भाईर उभे हाव म्हणून असं बोलायलेत.”

“मग काय आत जाऊन बसू का तिच्यापशी?”

“तेच तर म्हणायलोय. आत कुणी गेलंच न्हाई अजून.”

मी हसलो. मी मराठीचा एम. ए., वर्गात मुलांना पात्रपरिचय शिकवणारा. म्हणालो, “इस्माईल, लेखकानं दाखवलं नाही म्हणजे त्यालाही ती तशीच वाटते. ती निर्दय आहे, संपलं.”

“कावून संपलं बे?” तू स्क्रूड्रायव्हर माझ्याकडं रोखलास. “माझ्याकडं टीव्हीचा डबा आला की गिऱ्हाईक म्हणतंय, पिक्चर ट्यूब गेली. मी झाकण काढल्याबिगर कदी म्हणलोय का, काय गेलंय ते? तुमी झाकण न काढता बिल फाडायलेत तिच्या नावानं.”

सगळे हसले. माझ्यावर हसले. ते मला लागलं, इस्माईल. हे आज कबूल करताना सुद्धा कानशिलं तापतात, इतकं क्षुल्लक आहे ते. पण लागलं.

तेव्हा मी एकशे एक्क्याऐंशीव्या पानाच्या तळाशी होतो. महादू दारातून हललेलाही नव्हता. मी पान उलटणार एवढ्यात टीव्ही खरखरला. तू हात वर केलास. मी खूण घातली आणि पुस्तक घरी नेलं.

घरी पान उलटलं, तर लेखक दाराच्या आत गेला होता.

तीनच पानं. सोनाक्काची धाकटी लेक पहाटेपासून ओकतेय. आजार घरात आलाय आणि गावाला अजून कळलेलं नाही. दार उघडलं तर भाऊ आत येईल आणि लागण होऊन मरेल. ओरडून सांगितलं तर पहारेकरी ऐकतील, दाराला काटे लागतील, लेक पाण्यावाचून जाईल. ती कडीवर हात ठेवून उभी राहते. तो किती वेळा दार वाजवतो ते मोजते. लेखकानं तिच्या तोंडी एक शब्द घातलेला नाही. आणि पुढं, एकशे पंच्याऐंशीपासून, पुन्हा सगळं बाहेर. लेक जगते, सोनाक्का कुणाजवळ काही बोलत नाही, गाव तिला मरेपर्यंत भावाला मारणारी म्हणतं. त्या तीन पानांखेरीज चारशे पानांत दुसरीकडं कुठंही तिची बाजू नाही.

तू बरोबर होतास. एक ओळही न वाचता बरोबर होतास. आणि उद्या दुपारी हे माझ्याच तोंडून, सगळ्यांसमोर, मोठ्यानं वाचावं लागणार होतं.

दुसऱ्या दिवशी लाईट गेली आणि मी पुस्तक एकशे पंच्याऐंशीवर उघडलं. माझा आवाजसुद्धा हलला नाही. दोन-तीन परिच्छेद झाल्यावर तू मला थांबवलंस, “मास्तर, काल कुठं थांबलतो आपण? मधी काय तरी ऱ्हायल्यावाणी वाटायलं.”

“लेखकच तुटक लिहितो,” मी म्हणालो.

तू मान डोलावलीस. तुझा लेखक तर मीच होतो. मी जे वाचीन ते पुस्तक, मी जे गाळीन ते नाही. एवढा विश्वास माझ्यावर माझ्या बायकोनंही कधी टाकला नाही. मनाशी म्हणालो, दोन दिवसांनी गंमत म्हणून सांगू. दोन दिवस गेले, पुस्तक संपलं, वाचनालयात गेलं. सोनाक्का आपल्या दुकानात वाईटच राहिली. तू एकटा मात्र पुस्तक संपल्यावरही म्हणत राहिलास, “आत काय तरी असंल मास्तर. त्याला लिव्हायचं सुचलं नसंल.” त्यावरही मी हसलो होतो.

एवढंच असतं तर ही एक जुनी लबाडी ठरली असती. पण मग युसूफचं झालं.

लॉकडाऊनमध्ये तुझा धाकटा भाऊ पुण्याहून मोटारसायकलवर आला. चौकीवर अडवला, रानातून वाट काढून घरापर्यंत पोचला. पण दार उघडलं नाही, आणि मग त्याला आणून आमच्या शाळेत ठेवलं, बाहेरगावाहून आलेल्यांबरोबर. शाळेत त्या आठवड्यात रजिस्टर घेऊन मीच बसलो होतो. त्यानं नाव लिहिलं, माझ्याकडं पाहिलं आणि म्हणाला, “मास्तर, भाईजाननं दार उघडलं न्हाई. मी आवाज देत होतो, घरात माणसं होती.” मी त्याला माझ्या बाटलीतलं पाणी दिलं. नवव्या दिवशी त्याला ताप भरला. अंबाजोगाईला मोठ्या दवाखान्यात नेलं. परत आणलाच नाही.

गाव बोलत होतं. तू कुणाला काहीच उत्तर दिलं नाहीस. विचारलं की एकच वाक्य: “मी घेतलं न्हाई त्याला घरात. अम्मी म्हातारी हाय.” बस.

दुकानं उघडली त्या पहिल्या आठवड्यात मी आलो. नामदेव टेलर होता, अजून दोघं होते. तू एका मोबाईलचे बारके स्क्रू काढत होतास. माझ्या डोळ्यांपुढं युसूफचा रजिस्टरवर सही करणारा हात होता. मी म्हणालो, “इस्माईल, तू बी सोनाक्काच निघालास.”

तुझ्या चिमट्यातला स्क्रू पडला. तू खाली वाकून तो शोधायला लागलास. किती वेळ शोधत होतास! मग तू वर आलास, हातात स्क्रू नव्हता, आणि म्हणालास, “बसा मास्तर. चाय सांगतो.”

मी बसलो नाही. चार महिने आलो नाही. नंतर येऊ लागलो तेव्हा आपण राजकारण बोललो, पाऊसपाणी बोललो, तुझ्या नसरीनच्या नर्सिंगच्या फीचं बोललो. पुस्तक मात्र पुन्हा कधी उघडलं नाही. लाईटही आता तितकी जात नव्हती.

आणि मग, या साली, त्या कादंबरीवर मालिका आली.

पहिल्या पाच भागांत गावानं सोनाक्काला किती शिव्या घातल्या ते तू पाहिलंसच. बायकांनी तिच्या फोटोवर काय काय लिहून स्टेटस ठेवले. माझ्या वर्गातल्या पोरी कट्टी घेताना म्हणायच्या, “तू सोनाक्का हैस.” दुकानात टेलर वीस वर्षांपूर्वीचीच चप्पल पुन्हा काढून बसला होता. मग सहावा भाग आला. सगळा भाग दाराच्या आतला. त्या नटीच्या तोंडी एक शब्द नाही. फक्त तिचा चेहरा, कडीवरचा हात, मागं लेकराचं कण्हणं, आणि दारावर थाप. आठ दिवसांत सगळं फिरलं. बीडला एका साडीच्या दुकानाच्या उद्घाटनाला ती नटी आली, तर बायांनी रांग लावून तिची ओटी भरली. टेलर मशीनवर बसून डोळे पुसत म्हणाला, “बाई बिचारी किती सोसून ऱ्हायली.”

“टेलरसाब, तुमी तर चपलेनं हाणायलते,” तू म्हणालास.

“आरं, तवा तिचं तोंड कुटं दिसलतं!”

तू हसला नाहीस. मला वाटलं होतं, तू मला टोमणा मारशील, ‘मी म्हणलतो का न्हाई’ म्हणशील. तू नुसता माझ्याकडं पाहात होतास.

त्या दिवसांत मी खूप विचार करायचो, माणसं इतकी एकदम कशी बदलली? चेहरा दिसला म्हणून, हे तर खरंच. शब्दांत लिहिलेल्या बाईला शिवी देणं सोपं असतं, ती आपल्याकडं बघत नाही. पण आणखी एक होतं. लॉकडाऊनमध्ये आपल्या गावातल्या कितीतरी दारांना आतून कडी होती. कुणी चुलत्याला परत पाठवलं होतं, कुणी जावयाला गोठ्यात झोपवलं होतं. ते कुणी कुणाशी बोललं नव्हतं. सोनाक्काला माफ केलं की त्यातलं थोडं आपोआप सुटत होतं. म्हणून सगळी तिच्या बाजूनं झाली. तुझ्या बाजूनं मात्र एकही जण आला नाही, इस्माईल. तुझा सहावा भाग कुणी दाखवला नव्हता.

हे सगळं कळत असून मी काय करत होतो? शाळेत, चहाच्या टपरीवर, भेटेल त्याला सांगत होतो की मालिकावाल्यांनी पुस्तकाचं वाटोळं केलं. पुस्तकातली सोनाक्का कठोर आहे, ह्यांनी तिला रडकी केली, बायकांना बघायला आवडावं म्हणून. मूळ पुस्तक वाचलेला गावात मी एकटा, त्यामुळं सगळे माना डोलवायचे. एकदा खरं गाळलं की ते गाळणं झाकायला पुढं मोठ्यानं बोलावं लागतं.

त्या दुपारी मी टपरीवर असाच बोलत होतो. शाळेतले दोघं सोबत होते. तू रस्ता ओलांडून आलास. हाताला ग्रीस तसंच. कधी नव्हे ते चहासाठी नाही, सरळ माझ्यासमोर.

“मास्तर, एक सांगा. त्ये आतलं... पुस्तकात हाय का? का ह्यांनी मनानं घातलं?”

सोबतचे माझ्याकडं बघत होते. मी आत्ताच त्यांना सांगून बसलो होतो. मी चहाचा घोट घेतला.

“पुस्तकात असलं काही नाही. घुसवलंय त्यांनी.”

“पक्कं?”

“पक्कं.”

“बरं,” तू म्हणालास. जाताना ग्रीसचा हात तू शर्टाला पुसलास. तू कधी शर्टाला हात पुसत नव्हतास. तो शर्ट पुढं रस्त्यापलीकडं जाईपर्यंत मी बघत होतो, आणि तरी उठलो नाही.

तू गेल्यावर दुसऱ्या आठवड्यात मी वाचनालयात गेलो. तेच पुस्तक, नव्यानं बांधलेलं, आतली पानं तीच. घेऊन तुझ्या घरी गेलो. भाभी इद्दतीत आहेत, चार महिने दहा दिवस घराबाहेरच्या पुरुषासमोर यायचं नाही, हे मला माहीत होतं. पण मला त्यांना बघायचं नव्हतंच. कुणाला तरी सांगायचं होतं, आणि दुसरं कोण होतं?

नसरीननं ओसरीत खुर्ची टाकली. दार अर्धं उघडं, त्याला जुनी चादर लावलेली. आत भाभी. नसरीन उंबऱ्यावर मध्ये बसली.

“अम्मी, मास्तरचाचा आलेत.”

“चाय दे त्यांना.”

“चहा नको भाभी,” मी म्हणालो, आणि उभ्या उभ्याच सुरुवात केली. खरखर, खूण, एकशे पंच्याऐंशी, तुझा प्रश्न, माझं उत्तर. सगळं. बोलताना समोर फक्त चादरीची निळी चौकट होती. आत ऐकणाऱ्याच्या तोंडावर काय उमटतंय ते कळायला मार्ग नव्हता.

भाभी म्हणाल्या, “कावून न्हाई म्हणालात तुमी?”

“लाज वाटली.”

“कसली?”

“वीस वर्षांपूर्वी एक लबाडी केली होती, ती उघडी पडेल म्हणून.”

“एवढ्याला?” त्या म्हणाल्या. रागावून नाही. खरोखर विचारल्यासारखं.

नसरीन खाली बघत होती. मग भाभी बोलल्या, इतक्या सावकाश की मला पुढं वाकावं लागलं.

“तो प्रश्न त्यांचा नव्हता, मास्तरभाई. माझा व्हता. आमी दोघं बसून बघितलं त्ये. मी लई रडले. मी म्हणलं, ह्ये खरंच लिव्हलंय का लेखकानं, का बाया रडाव्या म्हणून घातलंय? ते म्हणाले, मास्तरला विचारून येतो. मास्तरनं अख्खं वाचलंय.”

मी खुर्चीवर बसलो.

“युसूफभाई आला तवा हे घरी न्हवतेच. गोळ्या आणाया गेलते. यांच्या अम्मीला तीन दिसापासून ताप, खोकला. आमी कुणाला सांगितलं न्हवतं. कळलं असतं तर एकलीला उचलून नेलं असतं, तिला ऐकू बी येत न्हवतं नीट. तो दारात, भाभी भाभी म्हणायलेला. मी कडी लावली. बोलले असते तर शेजारी ऐकत व्हते. मी कडी धरून उभी ऱ्हायले. हे आले तवर त्याला नेलतं शाळेत. तितं तर तो आजाऱ्यांतच जाऊन पडला. मला काय ठावं. मला वाटलं, घरातल्या तापातून वाचला.”

“इस्माईल तर म्हणायचा, मी घेतलं नाही...”

“माझं नाव नगं निघाया म्हणून. पोरीला सुदा सांगितलं न्हवतं.”

नसरीननं तोंडावर ओढणी घेतली होती. तिला हे कधी कळलं, मला माहीत नाही. त्याच क्षणी असेल.

“त्या दिवशी तुमच्याकडनं आले,” भाभी म्हणाल्या, “हात धुतले, जेवाया बसले. मी विचारलं. म्हणाले, न्हाई, मास्तर म्हणतो पुस्तकात न्हाई, मालिकावाल्यांचं हाय. मी म्हणलं, मग बरोबर हाय. लिव्हणाराला बी ती वाईटच वाटली असंल. ते म्हणाले, लेखकाला काय कळतंय. पण घास तसाच ठेवला हातात.”

मी तुला सोनाक्का म्हणालो होतो तेव्हा तू खाली वाकून स्क्रू शोधत राहिलास. तू काय शोधत होतास ते मला त्या ओसरीवर कळलं. तुला वर बघायचं नव्हतं, कारण वर बघितलं असतंस तर कदाचित खरं बोलला असतास. आणि मी चार महिने तुझ्यावर रुसून बसलो होतो! तू माझ्यावर कशासाठी रुसला नाहीस, हे मला अजून कळत नाही.

“तुमच्याकडं पुस्तक हाय का आत्ता?” भाभींनी विचारलं.

“आहे.”

“वाचा.”

मी म्हणालो, “ठेवून जातो, नसरीन वाचून दाखवील.”

“मला बी येतं वाचाया, मास्तरभाई. केजच्या मराठी शाळेत शिकलेय मी धाव्वीपर्यंत. तुमी दोघांनी कदी विचारलं न्हाई.” मग थोड्या वेळानं, “पण तुमीच वाचा. जसं त्यांना वाचलं असतं तसं.”

मी पान काढलं. तेवढ्यात लाईट गेली. ओसरीतला पंखा फिरत फिरत थांबला, आणि घरात, रस्त्यावर, सगळीकडं ती जुनी दुपारची शांतता आली. मी वाचायला लागलो. लेकराचं ओकणं, मोजलेल्या थापा. दुसऱ्या पानाच्या मध्यावर पंखा कुरकुरला आणि फिरू लागला. आत कुठंतरी फ्रीज सुरू झाला. माझं बोट आपोआप पानात गेलं, पुस्तक मिटत आलं.

“थांबू नका,” आतून आवाज आला.

मी तिसरं पान संपेपर्यंत वाचलं.

त्यानंतर मी काहीतरी अपेक्षेनं बसून होतो, हे खोटं कशाला बोलू. भाभी माफ करतील, निदान रडतील. त्या एवढंच म्हणाल्या, “म्हणजे त्याला ठावं व्हतं.” लेखकाबद्दल. आणि मग, “यांना न्हाई कळलं.” माझ्याशी पुन्हा बोलल्या नाहीत. नसरीन उठून आत गेली आणि परत आली नाही. मी पुस्तक खुर्चीवर ठेवून निघालो, दुसऱ्या दिवशी नसरीननं ते कुणाच्या तरी हाती शाळेत पाठवलं. आत चिठ्ठी वगैरे काही नव्हतं.

टेलरला मी सांगितलेलं नाही. भाभींचं गुपित त्यांचं आहे, ते त्यांना वाटलं तर निघेल. पण पुस्तकाबद्दल मी टपरीवर सांगून टाकलं, की ती तीन पानं आहेत, मी खोटं बोललो होतो. लोक हसले. म्हणाले, गुरुजी, एवढ्या साध्या गोष्टीचं काय घेऊन बसलात. मालिका तर कधीच संपली.

तुझं दुकान अजून बंद आहे. शटरला कान लावला तर काही ऐकू येत नाही, मी लावून पाहिलाय.

तू एकदा विचारलं होतंस, मास्तर, काल कुठं थांबलतो आपण. मधी काहीतरी राहिल्यासारखं वाटतंय. मी तुला त्या दिवशी खरं उत्तर दिलं नाही.

एकशे एक्क्याऐंशीवर थांबलो होतो, इस्माईल. महादू दाराबाहेर उभा होता.